कचरा टाकणाऱ्याला तालांव देणारा अधिकारी पंचायतीने कसा नेमावा

नवा पंच निवडून आला की पहिल्या महिन्यात त्याच्या दारात येणारी तक्रार बहुधा कचऱ्याची असते. वळणावर पिशव्या पडतात, व्हाळात (ओढ्यात) बाटल्या साचतात, कोणीतरी रात्री गाडी थांबवून पोते उतरवून जातो. ग्रामसभेत सगळ्यांचे म्हणणे एकच, दंड करा, तालांव (दंडाची पावती) द्या. पण दंड कोण करणार, कुठल्या कायद्याखाली, पैसे कुठल्या खात्यात जाणार आणि समोरचा नाही म्हणाला तर पुढे काय, हे ठरवल्याशिवाय पंचायत घाईने एखाद्या सुपरवायझरला जाकीट घालून उभा करते. पहिलाच वाद घालणारा माणूस त्याला विचारतो, "तुला अधिकार कोणी दिला?" दाखवायला कागद नसतो. दुसऱ्या दिवसापासून तो सुपरवायझर कोणाला अडवत नाही.

मी गोव्यातल्या आमच्या गावच्या कचरा समितीत काम करतो. नव्या पंचांनी, नगरसेवकांनी आणि नव्याने रुजू झालेल्या पंचायत सचिवांनी हे काम कसे मार्गी लावावे, ते इथे क्रमाने मांडतो. या सगळ्यात मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. दंड टिकतो तो कागदांवर: कायदा, पोटनियम, ठराव, नावानिशी आदेश, ओळखपत्र आणि पावती. यातला एकही कागद मागाहून करू म्हणून सोडू नका.

आधी अधिकार कुठून येतो ते पाहा

गोव्यात १९१ ग्रामपंचायती, १३ नगरपालिका आणि पणजीची महापालिका आहे. पंचायतींना गोवा पंचायत राज कायदा १९९४ लागू, पालिकांना गोवा नगरपालिका कायदा १९६८ आणि पणजीला २००२ चा स्वतंत्र महापालिका कायदा. शेजारच्या पालिकेचा ठराव उतरवून काढून पंचायतीत मंजूर करू नका. कायदा वेगळा म्हणजे कलम वेगळे, आणि चुकीचे कलम लिहिलेला आदेश कोणीही वकील पाच मिनिटांत खोडून काढतो.

याच्या जोडीला राज्याचा अविघटनशील कचरा नियंत्रण कायदा १९९६ आहे, आणि वर केंद्राचे नियम आहेत. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ यांनी स्थानिक संस्थांना स्पष्ट सांगितले होते की पोटनियम करा, कचरा टाकणाऱ्याला जागीच दंड करण्याचे निकष ठरवा आणि तो अधिकार अधिकाऱ्यांना सोपवा. १ एप्रिल २०२६ पासून या नियमांची जागा २०२६ च्या नव्या नियमांनी घेतली आहे आणि वर्गीकरण आता ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार प्रकारांत करायचे आहे. तुमच्या जुन्या पोटनियमांत २०१६ चा उल्लेख असेल तर अधिकारी नेमण्याआधी तो मसुदा वकिलाला दाखवून घ्या.

प्लास्टिकबाबत पंचायतीचा हात आणखी बळकट आहे. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ मधला बारावा नियम ग्रामीण भागात पिशव्यांच्या वापराबाबतची अंमलबजावणी थेट ग्रामपंचायतीवर सोपवतो. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या ३१ डिसेंबर २०२२ पासून बंद आहेत. ते आमच्या अखत्यारीत येत नाही, असे सचिव म्हणाले तर हा नियम त्यांच्यासमोर ठेवा.

जागा कोणाची, याचा नकाशा करा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

गोव्यात कचरा पडतो त्या जागेचा मालक दर शंभर मीटरवर बदलतो. गावातला रस्ता पंचायतीचा, पुढचा सार्वजनिक बांधकाम खात्याचा (साबांखाचा), त्याच्या पलीकडे राष्ट्रीय महामार्ग. डोंगराकडची उतरण वनखात्याची, शेताकडची जमीन कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची), नदीकाठी बंदर कप्तान खाते, किनाऱ्यावर पर्यटन खाते. किनाऱ्यासारख्या ठिकाणी २००१ चा पर्यटन स्थळे संरक्षण व देखभाल कायदाही लागू होतो, उघड्यावर स्वयंपाक करून कचरा मागे टाकून जाणाऱ्यांना त्याखाली पकडता येते. तुमच्या अधिकाऱ्याने तालांव दिला आणि ती जागा पंचायतीच्या अखत्यारीतली नाही असे निघाले, तर दंड जातो आणि अधिकाऱ्याची पतही जाते.

म्हणून गावच्या नकाशाची एक मोठी प्रत काढा आणि ज्या जागी वारंवार कचरा पडतो त्या प्रत्येक जागेवर खूण करा. खुणेशेजारी चार गोष्टी लिहा: जागा कोणाची, कचरा कुठल्या वेळी पडतो, कसला पडतो, आणि तो टाकणारा चालत येतो की गाडीने. ही माहिती कार्यालयात बसून मिळत नाही. पहाटे, दुपारी आणि रात्री दहानंतर अशा वेगवेगळ्या वेळी जाऊन बघावे लागते. पोह्याचे कागद आणि चहाचे कप असतील तर जवळच्या गाड्यावरून आलेले, सोललेल्या शहाळ्यांचा ढीग असेल तर विक्रेत्याचा, टाइल्सचे तुकडे आणि सिमेंटची पोती असतील तर कुठेतरी घराचे काम चालू आहे. एका जागेवर कोंबड्यांची पिसे आणि आतडी पडत असतील तर गावभर हिंडायची गरज नाही, दोन-तीन दुकानांतच उत्तर मिळते.

सर्वात वाईट जागा बहुधा दोन पंचायतींच्या शिवेवर असतात. तिथे दोन्ही सरपंच एकमेकांकडे बोट दाखवतात आणि टाकणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. अशा जागेसाठी दोन्ही पंचायतींनी आपापल्या बैठकीत सारखाच ठराव घ्यावा आणि वारांची वाटणी करावी. रस्ता साबांखाचा किंवा जमीन कोमुनिदादची असेल तर त्या कार्यालयाला पत्र देऊन लेखी संमती घ्या. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून हे पत्र पोटनियमांच्या मसुद्याआधीच पाठवा.

उचल नीट आहे का?

दंडाची भाषा करण्याआधी पंचायतीची गाडी रोज किंवा ठरलेल्या दिवशी खरेच येते का, ते तपासा. औद्योगिक वसाहतीजवळच्या खोल्यांत राहणारे कामगार सकाळी सहाला निघतात आणि गाडी नऊला येते. त्यांनी पिशवी कुठे ठेवायची? खोलीमालक कचरा शुल्क भरत नाही म्हणून ती चाळ गाडीच्या यादीतच नसते. अशा ठिकाणी आधी मालकाला नोटीस द्या, यादीत नाव घ्या, संध्याकाळची एक फेरी सुरू करा. पिशवी द्यायला जागाच नसलेल्या माणसाला तालांव देणे अन्यायाचे आहे. मी ते कोणत्याही पंचायतीला करू नका असेच सांगेन.

पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या शेडला आठवड्यातून एकदा तरी भेट द्या. शेड तुडुंब भरलेली असेल तर गाडीवाला फेऱ्या कमी करतो आणि त्याचा परिणाम थेट रस्त्यावर दिसतो. पुढची उचल साळगाव किंवा काकोड्याच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पाकडे वेळेवर होत नसेल तर तो विषय आधी गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाकडे न्या.

पोटनियम

पोटनियमांशिवाय अधिकारी नेमू नका. मसुद्यात काय काय हवे? कचरा टाकणे म्हणजे काय याची व्याख्या, त्यात चालत्या गाडीतून फेकणे, गटारात किंवा व्हाळात टाकणे, जाळणे आणि पुरणे हे सगळे आले पाहिजे. मग दंडाचे दर, पहिल्या वेळचा आणि पुन्हा केल्यास वेगळा. घर, दुकान, हॉटेल आणि मोठा कचरा करणारी संस्था यांचे दर निरनिराळे ठेवा. दंड कोण आकारेल, त्याचे पद. किती दिवसांत भरायचा, हरकत कोणाकडे घ्यायची, आणि भरला नाही तर पुढची कारवाई काय. कायद्याने जेवढी मुभा दिली आहे त्यापलीकडचा दर लिहू नका, तो टिकत नाही.

इंग्लंडमध्ये १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या ८८ व्या कलमाखाली कौन्सिलचा (तिथल्या स्थानिक संस्थेचा) प्राधिकृत अधिकारी अशी दंडाची नोटीस देतो. ती खटला टाळण्याची संधी असते. चौदा दिवसांत पैसे भरले की त्या कृत्याबद्दल खटला होत नाही. घेणाऱ्याला आपल्यापुढे कोणते दोन मार्ग आहेत हे त्या कागदावरच कळते. आपल्या पोटनियमांतही मुदत आणि पुढची कारवाई इतकीच स्वच्छ लिहिलेली असावी.

जाळण्याबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी दिलेला आदेश लक्षात ठेवा: उघड्यावर साधा कचरा जाळला तर ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये. झाडलोट करून कोपऱ्यात आग लावण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून फलकावर हे आकडे लिहिलेले बरे.

मसुदा पंचायत मंडळाने मान्य केला की तो फलकावर लावा, ग्रामसभेत वाचून दाखवा आणि लेखी हरकती मागवा. मग तो मंजुरीसाठी गटविकास अधिकाऱ्यांमार्फत वर जातो आणि शेवटी राजपत्रात यावा लागतो. राजपत्राच्या त्या पानाची प्रत सचिवांच्या टेबलात आणि अधिकाऱ्याच्या पिशवीत कायम असावी.

कोणाला नेमावे

पालिकेत स्वच्छता निरीक्षक असतो, त्यामुळे प्रश्न लवकर सुटतो. पंचायतीत माणसे मोजकी. सचिवांकडे आधीच दहा कामे, कारकून कार्यालय सोडू शकत नाही. तरीही पहिली पसंती पंचायतीच्या पगारावरच्या माणसालाच द्या. स्थानिक संस्थेच्या सेवेत किंवा पगारावर असलेली व्यक्ती भारतीय न्याय संहितेप्रमाणे लोकसेवक ठरते. तिच्या कामात अडथळा आणला तर कलम २२१ आणि अंगावर हात टाकला तर कलम १३२ लागते. एजन्सीच्या माणसाबाबत याच मुद्द्यावर वाद होऊ शकतो. एजन्सी घ्यावीच लागली तर तिला दंडाच्या रकमेतला वाटा कदापि देऊ नका. तालांवाच्या संख्येवर पगार ठरला की माणूस ढीग सोडून सिगारेटची थोटके शोधत फिरतो आणि लोकांचा विश्वास जातो.

पंचांनी स्वतः हे काम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रभागातल्या मतदाराला तालांव देणे त्यांना जड जाते, आणि विरोधी गटातल्या माणसाला दिला तर त्याला सूडाचा रंग येतो. निदान दोन व्यक्ती नेमा, एक महिला असावी, आणि रात्रीची फेरी कधीही एकट्याने करायला लावू नका.

ठराव आणि आदेश

पंधरवड्याच्या बैठकीत विषय कार्यसूचीवर घ्या. आयत्या वेळचा विषय म्हणून ढकलू नका, मागाहून त्यावर हरकत निघते. ठरावात व्यक्तीचे नाव, पद, कुठल्या पोटनियमाखाली, कुठल्या हद्दीत आणि किती काळासाठी हे सगळे यावे. त्यावरून निघणारा आदेश साधारण असा असतो:

"ग्रामपंचायत …… च्या दि. …… रोजीच्या बैठकीतील ठराव क्र. …… अन्वये, आणि …… पोटनियमांतील कलम …… खाली, श्रीमती/श्री ……, पद ……, यांना पंचायतीच्या हद्दीत सार्वजनिक जागी कचरा टाकणे, जाळणे किंवा पुरणे याबद्दल जागीच दंड आकारण्यास व त्याची पावती देण्यास प्राधिकृत करण्यात येत आहे. हा अधिकार दि. …… पासून दि. …… पर्यंत राहील."

खाली कायद्याप्रमाणे ज्यांना अधिकार आहे त्यांची सही आणि शिक्का. एक प्रत अधिकाऱ्याला, एक गटविकास अधिकाऱ्यांना, एक पोलीस निरीक्षकांना आणि एक फलकावर. माहिती अधिकार कायदा २००५ च्या चौथ्या कलमाप्रमाणे अधिकाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्ये पंचायतीने आपणहून जाहीर करायची असतात, त्यामुळे हा आदेश लपवून ठेवण्यासारखा मुळीच नाही. ओळखपत्रावर फोटो, ठराव क्रमांक आणि मुदत छापा.

तालांव बुक

हा भाग लहान वाटतो, पण भांडणे इथेच होतात. बुक छापील क्रमांकाचे, तीन प्रतींचे घ्या: पांढरी दंड भरणाऱ्याला, गुलाबी कार्यालयाला, पिवळी बुकातच. पावतीवर तारीख, वेळ, नेमकी जागा, काय टाकले, गाडीचा नंबर, पोटनियमाचे कलम, रक्कम आणि हरकत कुठे घ्यायची हे असावे. जागा लिहिताना "रस्त्यावर" एवढेच लिहू नका. "देवळाच्या कमानीपासून बाजाराकडे जाताना डाव्या हाताचा दुसरा विजेचा खांब" असे लिहिले की तीन महिन्यांनी हरकतीच्या सुनावणीत कोणी गोंधळत नाही. चुकलेली पावती फाडायची नाही, तिरकी रेघ मारून "रद्द" लिहायचे आणि तिन्ही प्रती जागच्या जागी ठेवायच्या.

शक्यतो पैसे क्यूआर कोडने थेट पंचायतीच्या खात्यात घ्या. रोख आलीच तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी कार्यालयात जमा झाली पाहिजे.

रस्त्यावर काय बोलायचे

पहिला महिना फक्त समज द्या. त्या काळातही नोंद ठेवा, म्हणजे पुढे दुसऱ्यांदा सापडलेला माणूस ओळखता येतो. नंतर बोलणे थोडके आणि एका सुरात: "बाब, ही पिशवी तुम्ही आत्ता इथे टाकली. मी पंचायतीचा प्राधिकृत अधिकारी, हे माझे ओळखपत्र. पोटनियमाप्रमाणे इतका दंड होतो, ही पावती. मान्य नसेल तर मागे लिहिलेल्या पत्त्यावर हरकत घेता येते." बाई असतील तर "बाय" म्हणा, पर्यटकांसाठी हेच वाक्य हिंदीत पाठ करून ठेवा. उपदेश नको, आवाज चढवणे नको.

अधिकाऱ्याने गाडीची चावी काढायची नाही, परवाना किंवा आधार कार्ड ठेवून घ्यायचे नाही, कोणाचा हात धरायचा नाही. माणूस नाव सांगत नसेल आणि निघून जात असेल तर गाडीचा नंबर आणि वेळ लिहून घ्यायची, आणि कार्यालयातून नोटीस पाठवायची. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी म्हणजे भाड्याने चालवायला दिलेली, तिच्या मालकाकडे त्या वेळी गाडी कोणी नेली याची नोंद असते.

पुरावा

पिशवी उघडली आणि आत कोणाचे वीजबिल किंवा कुरिअरचे पाकीट सापडले की बरेच लोक लगेच दंडाची पावती घरी पाठवतात. तसे करू नका. बिलावरून कचरा कोणाच्या घरचा हे कळते, तो कोणी टाकला हे कळत नाही. पैसे घेऊन कचरा नेणारा माणूस तो वळणावर ओतून गेलेला असू शकतो. बिलाचा फोटो काढा, पंचनामा करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि त्या घराला खुलासा मागणारी नोटीस द्या. खुलाशातूनच पुष्कळदा खरा टाकणारा सापडतो. ते फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत, त्यावर लोकांची नावे-पत्ते असतात.

कॅमेऱ्याचे चित्रण वापरायचे असेल तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. कॅमेरा ज्याच्या ताब्यात आहे त्याचे नाव आधीच ठरवा आणि चित्रण पुसले जाण्याआधी त्याची प्रत काढायला सांगा.

जत्रा, फेस्त (चर्चचा उत्सव) आणि चतुर्थीच्या बाजारासाठी वेगळी तयारी हवी. परवाना नसलेल्या जागी शंभरापेक्षा जास्त माणसे जमणार असतील तर आयोजकाने स्थानिक संस्थेला निदान कामकाजाचे तीन दिवस आधी कळवावे, असे घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये होते. परवानगीच्या पत्रातच कचऱ्याची जबाबदारी आयोजकाच्या नावाने लिहून घ्या. माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीच्या) बाजारात पानांचा आणि फळांचा ढीग उरतो. तो ओला कचरा आहे, त्यासाठी विक्रेत्यांना तालांव देत बसण्यापेक्षा दुपारी आणि रात्री उचल ठेवली की काम होते.

बदली झाली तर

दर महिन्याच्या एका बैठकीत अधिकाऱ्याचा अहवाल घ्या: किती समज दिल्या, किती तालांव, किती रक्कम जमा, किती हरकती आणि कुठल्या जागा साफ राहिल्या. फलकावर लावताना नावे वगळा. तालांव कमी झाले म्हणून अधिकाऱ्याला जाब विचारू नका, नकाशावरच्या खुणा कमी झाल्या का ते बघा.

आदेश व्यक्तीच्या नावाने असतो, हे सचिवांची बदली झाली की हमखास विसरले जाते. जाणाऱ्याकडून त्याच दिवशी ओळखपत्र आणि तालांव बुक परत घ्या, शेवटच्या वापरलेल्या पावतीखाली तारीख घालून दोघांच्या सह्या करा. येणाऱ्याचे नाव पुढच्याच पंधरवड्याच्या बैठकीत ठरावावर घ्या, आणि नवा आदेश हातात पडेपर्यंत त्याला एकही पावती फाडू देऊ नका.